डबा ठेवण्याआधी गाडी ठरवा



गेल्या पालक सभेत एक सूचना आली. शाळेच्या फाटकाजवळ एक मोठा डबा ठेवावा. मुलांनी घरातले संपलेले सेल, मुदत संपलेल्या गोळ्या, गेलेले बल्ब आणून त्यात टाकावेत आणि डबा भरला की तो घंटागाडीत द्यावा. सभेत टाळ्या पडल्या. इको क्लबच्या मुलांनी तर डब्याला कोणता रंग द्यायचा हेही ठरवून टाकले. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. तरीही माझे मत या डब्याच्या विरुद्ध आहे. ते का, हे सर्वांसमोर मांडावे म्हणून या अंकातील ही जागा घेत आहे.

आधी हा कचरा कोणता ते पाहू. आपल्या मराठीत ‘औषध’ हा शब्द मोठा फसवा आहे. तापाचे औषध, ढेकणाचे औषध, उंदराचे औषध आणि उसावर फवारायचे औषध, सगळे औषधच! नाव एक असल्यामुळे हे सगळे एकाच फडताळात राहते आणि संपल्यावर एकाच बादलीत जाते. त्यात भर म्हणून रिमोटचे सेल, मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, रंगाचे उरलेले डबे, संडास धुण्याचे ॲसिड आणि मधुमेह असलेल्या आजी-आजोबांच्या इन्सुलिनच्या सुया. सरकारी भाषेत याला ‘घरगुती घातक कचरा’ म्हणतात. एका घरात तो वर्षाला एखादी पिशवीभर होतो. म्हणून तर त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

पण थोडा असला तरी तो गप्प बसत नाही. सीएफएल आणि ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये त्याहून कितीतरी जास्त. पारा साध्या तापमानातही वाफ होऊन हवेत मिसळतो आणि ती वाफ मज्जासंस्थेला बाधते. जुन्या बॅटरीतील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. फवारणीच्या औषधांबद्दल शेतकरी कुटुंबांना सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच औषध रिकाम्या डब्याच्या तळाशी चमचाभर उरलेले असते आणि तो डबा कुठे गोठ्यात पाण्याला, तर कुठे धान्य मोजायला वापरला जातो.

भंगारात गेले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे पाऱ्याचे थर्मामीटर बनवणारा कारखाना होता. त्याच्या फुटक्या काचा पाऱ्यासकट गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडल्या आणि २००१ मध्ये कारखाना बंद पडला. माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले.

आता आपल्या घरातली पिशवी कुठे जाते ते पाहू. घंटागाडीवर उभा असलेला कामगार पिशवी हाताने उचलतो, हाताने उसकटतो. बिनझाकणाची सुई पहिल्यांदा टोचते ती त्याला. पुढे बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीला जातो. दुर्गंधी आणि घाण पाण्याविरुद्ध तुरमुरीच्या ग्रामस्थांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे. आपण ‘कचरा टाकला’ म्हणतो तेव्हा तो कोणाच्या तरी शिवारात टाकलेला असतो. जो गाडीत जात नाही तो नाल्यात जातो. बेळगावचा बळ्ळारी नाला पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या भातशेतीत शिरतो तेव्हा शहराने टाकलेले सगळे घेऊन शिरतो. आपल्या निपाणीकडची वेदगंगा पाटगाव, गारगोटी, मुरगूड करत महाराष्ट्रातून येते, दूधगंगेला मिळते आणि पुढे कृष्णेला जाते. हिंदीत म्हण आहे, ‘नेकी कर, दरिया में डाल’. आपण त्यातले नेकीचे विसरलो, दरियाचे तेवढे लक्षात ठेवले!

यावर कायदा नाही असे नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि त्यातून २००० साली शहरांच्या कचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या सुधारित नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन भाग केले : ओला, सुका आणि घातक. त्याच नियमांत स्थानिक संस्थांवर एक स्पष्ट जबाबदारी टाकली होती. शहरात दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला घातक कचरा स्वीकारणारे एक केंद्र असावे आणि त्याची वेळ लोकांना जाहीर करावी. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नव्या नियमांत चार भाग आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ कचरा. रंगाचे डबे, बल्ब, थर्मामीटर, औषधे ही या चौथ्या भागात येतात. ती अधिकृत संस्थेने गोळा करावीत किंवा नेमलेल्या केंद्रावर द्यावीत, असे नियम सांगतात.

पालकहो, आपल्या वॉर्डासाठी हे केंद्र कुठे आहे, किती वाजता उघडते आणि तिथला माल पुढे कुठे जातो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? माझ्या मते खरा प्रश्न एवढाच आहे. डब्याचा रंग हा त्यानंतरचा.

दुसरीकडे हे झालेले आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण इंदूरला, हिंदी माध्यमातून झाले. होळकरांच्या त्या गावाशी आपल्या मराठी माणसांचा जुना ऋणानुबंध. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळवला. तेथे घरातच कचऱ्याचे सहा भाग केले जातात आणि दारात येणाऱ्या गाडीला तसे कप्पे असतात. घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा. लोकांना सवय लागली ती आधी भाषणांनी नव्हे. दिलेला वेगळा कचरा गाडीत वेगळाच राहतो, हे त्यांनी रोज पाहिले म्हणून लागली. अर्थात बक्षिसे मिळाली म्हणजे सगळे झाले असेही नाही. त्याच इंदूरच्या भागीरथपुरा भागात डिसेंबर २०२५ मध्ये दूषित पाण्याने माणसे दगावली. वरची स्वच्छता डोळ्यांना दिसते, खालची पाहावी लागते.

आपल्या कर्नाटकातही उदाहरण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेंगळुरूसाठी ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत घालून दिली. हिरवा डबा ओल्याचा, पिशवी सुक्याची आणि लाल डबा उरलेल्या, हाताळायला धोक्याच्या कचऱ्याचा. केरळमध्ये २०२५ मध्ये कोझिकोडपासून घराघरांतली न वापरलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम तेथील औषध नियंत्रण विभागाने सुरू केला. यातला प्रत्येक उपक्रम सरकारी यंत्रणेने उभा केला किंवा न्यायालयाने तिला उभा करायला लावला. शाळेने उभा केलेला एकही नाही, हे लक्षात घ्यावे.

कारण पुढची वाट लांब आहे. घातक कचऱ्यासाठी अस्तर घातलेली विशेष भूभरण जागा आणि जास्त तापमानाची भट्टी लागते. कर्नाटकात अशी व्यवस्था बेंगळुरूजवळ दाबसपेट येथे उभारण्यात आली. आपल्या गावाजवळून जाणाऱ्या याच महामार्गावर, पण सुमारे पाचशे किलोमीटर दूर. महाराष्ट्रातील रांजणगावची व्यवस्था त्या मानाने जवळ, पण मध्ये राज्याची सीमा आहे. घातक कचरा शेवटच्या विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ‘ना हरकत’ पत्र लागते. आपली मुले पुढे देवचंद महाविद्यालयात जातात. ते निपाणीला लागूनच, पण अर्जुननगरला म्हणजे महाराष्ट्रात. मुले रोज सीमा ओलांडतात, नदी ओलांडते, कचऱ्याचा ट्रक मात्र दोन सह्यांशिवाय ओलांडू शकत नाही. हा नियम योग्यच आहे. पण त्या सह्या मिळवणे हे नगरपालिकेचे आणि जिल्हा प्रशासनाचे काम आहे, मुख्याध्यापकांचे नव्हे.

गोळा केलेल्या विषाला वाली नसला की काय होते, हेही देशाने पाहिले आहे. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन घातक कचरा १९८४ च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षे तिथेच पडून होता. जानेवारी २०२५ मध्ये तो इंदूरजवळच्या पीथमपूरला हलवला तेव्हा तिथले लोक रस्त्यावर आले. न्यायालयाच्या देखरेखीखाली जाळून संपवेपर्यंत त्या वर्षाचा जून अखेर उजाडला.

आता शाळेच्या डब्याकडे येऊ. माझ्या विरोधाची कारणे तीन.

पहिले, मुलांनी हा माल हाताळू नये. दप्तरात डब्याशेजारी फुटका बल्ब आणि आजोबांची सुई घेऊन सहावीचा मुलगा बसने यावा, हे मला मान्य नाही.

दुसरे, शिक्षणसंस्थेला साठवणूक जमत नाही आणि टाकून देणे तर त्याहून धोक्याचे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले जुने यंत्र २०१० मध्ये लिलावात भंगारात गेले. त्यातला किरणोत्सारी कोबाल्ट मायापुरीच्या भंगार बाजारात उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला. तिथे तर शास्त्रज्ञ होते. आपल्याकडे एक शिपाई आणि एक वॉचमन आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुलांनी वर्षभर निवडून वेगळा ठेवलेला कचरा शेवटी त्याच एका गाडीत ओतला गेला, तर मुले काय शिकतील? मोठी माणसे बोलतात एक आणि करतात दुसरे, हे शिकतील. हा धडा एकदा पक्का झाला की नागरिकशास्त्राचे पुस्तक उघडण्यात अर्थ नाही.

मग करायचे काय? विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा. शाळा, माजी विद्यार्थी संघ आणि पालक संघ यांनी मिळून नगरपालिकेला निवेदन द्यावे. वर्षातून दोन दिवस, एक दिवाळीच्या साफसफाईनंतर आणि एक पावसाळ्याआधी, घातक कचऱ्यासाठी अधिकृत वेगळी गाडी पाठवावी. कामगारांना जाड हातमोजे द्यावेत. माल कुठे पोहोचला याची पावती जाहीर करावी. आणि माहितीपत्रक कन्नडबरोबर मराठीतही छापावे. यात भाषेचे राजकारण नाही. सूचना विषाची आहे आणि ती घर आवरणाऱ्या आईला वाचता आली पाहिजे. असे दिवस ठरले तर शाळेचे मैदान मी आनंदाने देईन. अट एकच : सकाळी आलेली गाडी संध्याकाळी भरून निघून गेली पाहिजे आणि माल पालकांनीच आणून द्यायचा. बेळगावच्या पालकांनी आपल्या महापालिकेकडे हेच मागावे.

तोपर्यंत घरी एवढे करावे :

१. सेल आणि जुनी औषधे दोन वेगळ्या झाकणाच्या डब्यांत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी.

२. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावावे. सुटी सुई कधीही पिशवीत टाकू नये.

३. बल्ब किंवा थर्मामीटर फुटल्यास मुलांना बाहेर काढावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात. पंधरा मिनिटांनी तुकडे पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने उचलून बरणीत ठेवावेत. झाडू फिरवू नये, पारा पसरतो.

४. फवारणीचा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोक पाडावे, म्हणजे तो दुसऱ्या कामाला लागणार नाही.

५. इन्व्हर्टरची किंवा गाडीची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी.

६. यातले काहीही परसात किंवा बांधावर जाळू नये.

इको क्लबच्या मुलांनी नाराज होऊ नये. त्यांच्यासाठी मोठे काम आहे. प्रयोगशाळेतला पारा, जुनी रसायने, बंद ट्यूब आणि संगणक कक्षातल्या बॅटऱ्या यांची यादी विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली, कशालाही हात न लावता, तयार करायची आणि ती निवेदनाला जोडायची. दुसऱ्याकडे मागणी करताना आपल्या घरचा हिशेब चोख असावा. डब्याला रंग द्यायचाच असेल तर गाडी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी जरूर देऊ.

विश्वस्तांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पालकांनी आपली मते कार्यालयात लेखी द्यावीत, ही विनंती. माझ्या मताविरुद्ध असतील तर ती आधी वाचीन.

आपली स्नेहांकित,
मुख्याध्यापिका