टायटॅनियमची घड्याळे : गुण सांगा, दोषही सांगा

गेल्या काही वर्षांत मनगटी घड्याळांच्या दुकानात 'टायटॅनियम' हा शब्द वरचेवर कानावर पडू लागला आहे. २०२३ साली आयफोनच्या महागड्या मॉडेलला या धातूची चौकट आली आणि तो शब्द तरुणांच्या तोंडी बसला. आखातातून सुटीवर येणारे आपले कोकणी भाऊही अशी घड्याळे मनगटावर घालून येतात. मग गावातले गिऱ्हाईक दुकानदाराला विचारते, ''टायटॅनियममध्ये काही आहे का?'' दुकानदार सांगतो, ''आहे ना, एकदम असली. जन्मभर ओरखडा उठणार नाही.'' या उत्तरातला पहिला भाग कधी खरा असतो, कधी नसतो. दुसरा भाग मात्र बहुतेक वेळा खोटा असतो. घड्याळांची विक्री आणि दुरुस्ती यांवर आपल्या अनेक बांधवांची चूल पेटते. म्हणून या धातूच्या दोन्ही बाजू मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ही काही कालची नवलाई नव्हे. टायटॅनियमचा शोध १७९१ साली इंग्लंडमध्ये लागला आणि त्याचे पहिले मनगटी घड्याळ १९७० साली जपानच्या सिटिझन कंपनीने काढले. ही तीच सिटिझन, जिच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला होता. १९८० साली स्वित्झर्लंडच्या आयडब्ल्यूसीने टायटॅनियमचे क्रोनोग्राफ घड्याळ बाजारात आणले. 'टायटन' या नावाचा मात्र या धातूशी संबंध नाही. टाटा इंडस्ट्रीज आणि तामिळनाडू या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे. 'टायटन म्हणजे टायटॅनियमच' असे समजणारे गिऱ्हाईक आजही भेटते. त्याचा समज तसाच राहू देऊन माल खपवणे प्रामाणिकपणात बसत नाही.

गुण कोणते?

पहिला गुण वजनाचा. पोलादाच्या एक घन सेंटिमीटर तुकड्याचे वजन सुमारे ८ ग्रॅम भरते, टायटॅनियमचे साडेचार ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमची पोलादी केस आणि चेन त्याच मापात टायटॅनियमची केली, तर ती ५७ ग्रॅमच्या आसपास येईल. आतले मशीन आणि काच यांचे वजन तेवढेच राहते, त्यामुळे अख्ख्या घड्याळात फरक थोडा कमी दिसतो. तरीही दिवसभर हात चालवून काम करणाऱ्या शिंप्याला, सुताराला किंवा ड्रायव्हरला तो संध्याकाळी जाणवतो.

दुसरा गुण कातडीचा. घड्याळाच्या चांगल्या पोलादात दहा टक्क्यांहून अधिक निकेल असते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण काहींच्या मनगटाला खाज सुटते, चट्टे उठतात. शुद्ध टायटॅनियममध्ये निकेल मिसळलेले नसते. हाडे जोडण्याच्या पट्ट्या आणि स्क्रू याच धातूचे करतात, ते शरीराला तो सोसतो म्हणूनच. ज्याला पोलादी चेन सोसत नाही, त्याला हे घड्याळ खुशाल सुचवावे.

तिसरा गुण पाण्याघामाचा. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली स्वस्त केस घामाने खड्डे पडून खराब होते, हे प्रत्येक कारागिराने पाहिलेले आहे. आपल्याकडे तर दिवसातून पाच वेळा वुजूचे पाणी हातावर येते आणि किनारपट्टीची खारी हवा असते ती वेगळीच. टायटॅनियम या कशानेही गंजत नाही. मात्र केस गंजत नाही याचा अर्थ आत पाणी शिरत नाही असा नव्हे. पाणी अडवण्याचे काम आतली रबरी रिंग करते आणि ती रिंग काही वर्षांनी बदलावीच लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुरुषांना सोने वापरण्याची मनाई आहे. लग्नात नवरदेवाला भारी घड्याळ द्यायचे आणि सोने टाळायचे, तर काय द्यावे हा प्रश्न घरोघरी पडतो. त्याला टायटॅनियम हे एक चांगले उत्तर आहे. ते भारदस्त दिसते आणि त्याला सोन्यासारखी चमक नसल्याने बडेजावही होत नाही.

दोष कोणते?

आता दुसरी बाजू. सर्वांत मोठा घोळ 'मजबूत' आणि 'कठीण' या दोन शब्दांचा होतो. टायटॅनियम मजबूत आहे, म्हणजे वजनाच्या मानाने ते मोठा ताण सहन करते. पण साध्या शुद्ध टायटॅनियमचा पृष्ठभाग घड्याळाच्या पोलादापेक्षा कठीण नसतो. भिंतीला, शटरला, किल्ल्यांच्या जुडग्याला घासले की त्यावर ओरखडे उठतात. सहा टक्के अॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम मिसळलेला 'ग्रेड ५' नावाचा प्रकार बराच कठीण असतो, पण तो महाग पडतो. काही कंपन्या वरून खास कठीण थर चढवतात. हा थर ओरखड्यांना चांगला तोंड देतो, पण तो अत्यंत पातळ असतो. एकदा खोलवर खरवडला गेला, की गल्लीतल्या कारागिराला तो परत चढवता येत नाही.

रंगाचेही तसेच. साधे टायटॅनियम करडे, मंद दिसते. पोलादाची झळाळी ज्याला हवी, त्याला ते जुनाट वाटते. हातात घेतल्यावर हलके लागते म्हणून 'हे तर प्लास्टिक' असे म्हणून परत ठेवणारेही आहेत.

मग किंमत एवढी का? 'दुर्मीळ धातू आहे' असे सांगणारा विक्रेता गिऱ्हाइकाची फसवणूक करतो. टायटॅनियम जमिनीत मुबलक आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत त्याचे खनिज, इल्मेनाइट, सापडते. केरळात चवरा येथे तर २०११ पासून या धातूचा स्पंज तयार करण्याचा कारखाना आहे. महाग आहे ते खनिजातून धातू वेगळा करणे आणि नंतर त्याला आकार देणे. कापताना तो हत्यारांची धार खातो आणि काम सावकाश करावे लागते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या मेहनतीचे.

म्हणूनच अडीअडचणीच्या वेळी या धातूचा उपयोग नाही. सोन्याचा तुकडा सराफाकडे नेला तर त्याचे पैसे होतात. टायटॅनियमची केस मोडीत घातली तर हाती काही लागत नाही. 'ही गुंतवणूक आहे' असे सांगून ते कोणालाही विकू नये.

बाजारातली फसवणूक

खरी चिंता इथे आहे. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. टायटॅनियमला असा सरकारी शिक्का नाही. गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या शब्दावरच विसंबावे लागते आणि त्याचाच फायदा घेतला जातो. पोलादी केसवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर देतात आणि त्या घड्याळाला सरळ 'टायटॅनियम' म्हणतात. कुठे फक्त मागचे झाकण टायटॅनियमचे असते आणि बाकी सारे पोलाद. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातला हा प्रकार.

लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण घड्याळाचे चांगले पोलादही चुंबकाला चिकटत नाही. त्याच मापाचे पोलादी घड्याळ दुसऱ्या हातात घेऊन वजनाचा अंदाज घेणे, झाकणावरची अक्षरे नीट वाचणे आणि केस, चेन, झाकण या तिन्हींचा धातू बिलावर वेगवेगळा लिहून मागणे, हेच मार्ग उरतात. दुकानदारांनी तर गिऱ्हाइकाने मागण्याची वाट न पाहता बिलावर तसे लिहून द्यावे. घाऊक व्यापाऱ्याकडूनही तसेच लिहून घ्यावे.

कारागीर बंधूंसाठी

दुरुस्ती करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टायटॅनियमचे आटे टायटॅनियमच्याच आट्यांत फिरवले की ते एकमेकांना धरून बसतात. अडकलेले झाकण जोर लावून फिरवू नये, आणि बसवताना आट्यांना किंचित ग्रीस लावावे. ज्या केसवर कठीण थर आहे, ती बफवर धरू नये. थर निघून जातो आणि घड्याळाची कळा जाते. तुटलेली कडी साध्या डाकाने जुळत नाही. त्याच्या जोडकामाला आरगॉन वायूचे आवरण लागते. ज्याच्याकडे ती सोय नाही, त्याने ते काम नाकारावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या धातूचा बारीक भुगा पेट घेतो. घासकामाच्या जागी भुगा साठू देऊ नये. आग लागलीच तर पाणी ओतू नये, कोरडी वाळू टाकावी. छोट्याशा दुकानात ही खबरदारी जिवाशी निगडित आहे.

हा धातू वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या मनगटाला पोलाद सोसत नाही, ज्याला वजन नको आहे, त्याच्यासाठी तो उत्तम आहे. ज्याला चकाकी हवी, पुढे विकून पैसे हवेत किंवा वाटेल तसे वापरूनही ओरखडा नको, त्याला तो देऊ नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघडा केला होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरचे धान्य कोरडे होते, दोष आत लपला होता. घड्याळाच्या काउंटरवरही तीच कसोटी आहे. मालाचे गुण तर प्रत्येक विक्रेता सांगतो. दोष जो स्वतःहून सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, आपल्या भावालाही घेऊन येते. एखादी विक्री हातची गेली तरी चालेल, पण रोजी हलाल राहिली पाहिजे. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात बरकत देवो. आमीन.