धनुकलीचा आवाज

मागच्या उन्हाळ्यात अम्मीला घेऊन कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम पाहिलं. यंत्रं येण्याआधीचं गाव तिथे सिमेंटच्या पुतळ्यांतून उभं केलं आहे. चाकावर बसलेला कुंभार, भात्याजवळचा लोहार, हजामत करणारा न्हावी. पुतळे इतके हुबेहूब की लहान मुलं त्यांच्याशी बोलायला जातात. अम्मी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सगळं हाय रं, पर आवाज न्हाई."

तिला कुठला आवाज हवा होता, ते मला ठाऊक होतं. माझे नाना पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचे. ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी बसली की तो नाद गल्लीभर घुमायचा आणि बायका जुन्या गाद्या-उशा बाहेर काढायच्या. पुढे कापूस पिंजायची यंत्रं आली, मग फोमच्या गाद्या. नानांची धनुकली आधी माळ्यावर गेली आणि एका पावसाळ्यात तिचं सरपण झालं.

काही वर्षांनी भाच्यासाठी ओबीसीचा दाखला काढायला गेलो. पिंजारी यादीत आहेत. पण कागद लागतात 1967 पूर्वीचे, आणि आमच्या शाळेच्या जुन्या नोंदीत जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं. कारकुनाने विचारलं, "पिंजारी कशावरून?" ज्या कामाने आमच्या तीन पिढ्या जगवल्या, त्याचा घरात एकही पुरावा नव्हता.

म्हणून मला वाटतं, अशी संग्रहालयं म्हणजे सहलीची ठिकाणं नव्हेत. त्या साक्षी आहेत. मुलाणी, मण्यार, अत्तार, तांबोळी, शिकलगार यांच्याशिवाय गावगाडा पुरा होत नव्हता. आमचा मुसलमान आभाळातून पडला नाही, तो याच मातीत हाताने कष्ट करत होता, हे भाषणापेक्षा एखादी धनुकली लवकर पटवते.

पण साक्ष पुरी हवी. पुतळे हसरे असतात. बलुतं मात्र नेहमीच हसत मिळत नव्हतं. सुगीला खळ्यावर ताटकळणं, पायरीखाली उभं राहणं हेही त्याच गावात होतं. वस्तूखाली नुसतं नाव लिहून भागत नाही. ती कोण वापरायचं, मोबदला काय मिळायचा आणि काम का थांबलं, एवढं तरी लिहायला हवं.

आणि परतीच्या वाटेवर मिरजेला जा. तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून सतारी-तंबोरे घडताना दिसतात. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा ते वाद्यांकडे वळले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हुन्नर बदलूनही जगतो, हे तिथे समजतं.

तुमच्या माळ्यावर अजून काही पडलं असेल, चुड्यांचा साचा, अत्तराची पेटी, एखादी कमान, तर भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याजवळ बसवा. फोनवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. वस्तू उद्या कुठल्याही संग्रहालयात जाईल. तिचा आवाज काढून दाखवणारं माणूस आज आहे.