वाचन शिकवायचे कोणी? माळव्यातील प्रयोग आणि गोवा

ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत आठवीत शिकणाऱ्या दर तीन मुलांपैकी एकाला दुसरीच्या पुस्तकातील मजकूर धड वाचता येत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार हा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण तिसरीत २३.४ टक्के, पाचवीत ४४.८ टक्के आणि आठवीत ६७.५ टक्के आहे. जी मुले मागे राहतात, ती पुढे हायस्कुलात येतात. तेथे विज्ञानाचा शिक्षक विज्ञान शिकवतो, इतिहासाचा शिक्षक इतिहास. वाचायला शिकवणे हे प्राथमिक शाळेचे काम, असे दोघेही गृहीत धरतात. बी.एड.च्या अभ्यासक्रमातही विषयाच्या अध्यापनपद्धतीला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे अडखळत वाचणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला मिळत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली. मात्र त्याआधीच ही पायरी ओलांडून पुढे गेलेल्या मुलांचे काय, या प्रश्नाचे उत्तर हायस्कूलच्या शिक्षकाकडेच मागावे लागेल. त्यासाठी त्याला तयार कोण करणार? विद्यापीठाकडे शास्त्र आहे, शाळेकडे मूल आहे. या दोघांची भागीदारी हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

अशा भागीदारीचा देशातील एक महत्त्वाचा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात उतरले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे तो इंदूर आणि उज्जैन विभागांतील शाळांपर्यंत नेला. विषय विज्ञानाचा असला, तरी मुलांनी सूचना स्वतः वाचाव्यात, निरीक्षणे स्वतःच्या शब्दांत लिहावीत आणि पुस्तक उघडे ठेवून परीक्षा द्यावी, अशी त्याची रचना होती. म्हणजेच विज्ञानाच्या तासाला वाचन आणि लेखनही घडत होते.

या प्रयोगाचे बळ त्याच्या व्यवस्थेत होते. उन्हाळी सुटीतील प्रशिक्षणावर विषय संपत नसे. शिक्षक दर महिन्याला परिसरातील एका शाळेत जमत आणि वर्गात काय जमले, काय फसले, याची चर्चा करत. जाणकार वर्गात येऊन शिकवणे पाहत. शिक्षकांच्या अनुभवावरून पाठ्यपुस्तक सुधारले जाई. येथे प्राध्यापकही शिकत होता. आजची बहुतेक प्रशिक्षणे दोन दिवसांच्या भाषणांवर आणि हजेरीपटावर संपतात. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास सभागृहात बसून भरायचे की वर्गात, यावर त्यांचे मोल ठरेल.

तीन दशके टिकलेला हा कार्यक्रम राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केला. त्या वेळी तो पंधरा जिल्ह्यांत पोहोचला होता. लोकांच्या चिकाटीवर उभे राहिलेले काम शासनाच्या एका निर्णयाने थांबते, हा त्यातील कटू धडा आहे. आज इंदुरात देवी अहिल्या विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची अध्ययनशाळा आहे, आयआयटी आहे, आयआयएम आहे. परंतु उच्च शिक्षणाच्या संस्था एकाच शहरात असल्या, म्हणून शेजारच्या हायस्कूलचा वर्ग आपोआप सुधारत नाही. त्यासाठी नाते बांधावे लागते आणि ते कागदावर टिकाऊ करावे लागते.

गोव्याला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. मराठी किंवा कोकणी माध्यमातून चौथी झालेले मूल पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात जाते. एका भाषेतील वाचन पक्के होण्याआधीच दुसऱ्या भाषेतील पाठ्यपुस्तक त्याच्या हाती पडते. हे संक्रमण सांभाळणे केवळ इंग्रजीच्या शिक्षकाचे काम नाही. भूगोल आणि विज्ञानाच्या शिक्षकालाही परिच्छेद कसा वाचून घ्यावा, हे यायला हवे.

सुदैवाने गोव्यासाठी ही गोष्ट अवघड नाही. एकच राज्य विद्यापीठ, आल्तिनो आणि फोंडा येथील जुनी अध्यापक महाविद्यालये आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे मोजके अंतर, ही मोठी सोय आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवड्यांचा शालेय अनुभव सक्तीचा आहे. आज छात्राध्यापक शाळेत जातो, ठरलेले पाठ घेतो आणि परततो. त्याच काळात त्याचे प्राध्यापक व शाळेचे शिक्षक मिळून एका इयत्तेचे वाचन तपासू लागले आणि दर महिन्याला एकत्र बसू लागले, तर नवी इमारत किंवा मोठा निधी लागणार नाही. लागेल तो शिक्षकाच्या वेळापत्रकात राखलेला वेळ, कारकुनी कामांतून थोडी सुटका आणि सरकार बदलले तरी न बदलणारा लेखी करार. यांतील एकही गोष्ट सुटली, तर प्रमाणपत्रे वाढतील. मूल मात्र त्याच परिच्छेदावर अडखळत राहील.