लिनक्सवर ‘आपलं’ सॉफ्टवेअर नाही म्हणणाऱ्यांना



१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार काढून घेतला. वर्षभराच्या वाढीव सुरक्षेची सोय ठेवली आहे, पण तीही संपणारच. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांत, विहारांत, समाजमंदिरांत कुठल्या तरी ऑफिसातून देणगी म्हणून आलेले जे संगणक आहेत, त्यातले कितीतरी चालू असूनही एका रात्रीत जुनाट ठरले. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. वर्गणी गोळा करताना काय होतं ते त्याला माहीत नाही, आपल्याला आहे.

यावर लिनक्स हा उपाय आहे हे आता कार्यकर्त्यांना सांगावं लागत नाही. तरी बैठकीत विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: ‘तिथं आपलं सॉफ्टवेअर मिळत नाही.’ फोटोशॉप नाही, कोरल नाही, पेजमेकर नाही, वर्ड नाही. चहा येतो, विषय संपतो.

आमचं भांडण या वाक्यातल्या ‘आपलं’ या शब्दाशी आहे.

फोटोशॉप आपलं कधी झालं? आपल्याकडच्या डीटीपीच्या कोपऱ्यांत ते पेनड्राइव्हवरून आलं, क्रॅक करून. त्या क्रॅकबरोबर व्हायरस आले, अँटिव्हायरस बंद ठेवायची सवय आली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची आहे. त्यानंतर अडोबीने ते पुढे नेलंच नाही. जे सॉफ्टवेअर मालकानेच सोडून दिलं, त्याला आपण पंचवीस वर्षांनी ‘आपलं’ म्हणून कवटाळून बसलो आहोत.

१९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे आपण दर ३१ जानेवारीला भाषणात सांगतो. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला, हेही सांगतो. साधन दुसऱ्याच्या हातात असलं की आवाज त्याच्या मर्जीवर राहतो, हा त्या इतिहासाचा अर्थ आहे. आणि ते भाषण संपल्यावर स्मरणिकेची फाइल अशा सॉफ्टवेअरमध्ये बंद करतो, जे उद्या चालेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कुणी म्हणेल, एवढं कोण कुणाचं सॉफ्टवेअर बंद करतं! जुलै २०२५ मध्ये गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जी कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबल्या. कारण युरोपियन संघाचे निर्बंध. गुन्हा भारतातल्या कायद्याने नव्हता, पैसे भरलेले होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पुन्हा सुरू झाल्या. एवढी मोठी तेलकंपनी वकील लावू शकते. वस्तीतली अभ्यासिका काय करणार?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. मुक्त सॉफ्टवेअरचे काही प्रचारक असे बोलतात की समोरचा माणूस मूर्खच आहे. ‘अहो सोपं आहे, टर्मिनल उघडा, दोन कमांड द्या.’ ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे आणि कॉलेजपासून स्वतःचा लॅपटॉप आहे, त्याला ते सोपं आहे. ज्या पोराने बाराव्या वर्षी सायबर कॅफेत पहिल्यांदा माउस धरला, त्याने कोरल शिकायला दोन वर्षं घातली आणि आज त्यावर फ्लेक्स बनवून घर चालवतो. त्याचं शिकलेलं बोट कुठल्या चिन्हावर जातं, हे त्याचं भांडवल आहे. ते फेकून दे म्हणणं सोपं, कारण ते आपलं नसतं. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, पण त्या पोराला हा शब्द न शिकताही कळतं की आपल्याकडून काय काढून घेतलं जातंय.

म्हणून आमचं म्हणणं वेगळं आहे. आधी विंडोज बदलू नका. आधी सॉफ्टवेअर बदला, विंडोजवर असतानाच.

लिबरऑफिस, गिंप, इंकस्केप, क्रिटा, स्क्रायबस, केडेनलाइव्ह, व्हीएलसी, फायरफॉक्स ही सगळी विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. सहा महिने रोजची कामं त्यांच्यात करा. अडलं तर जुनं शेजारीच आहे. सहा महिन्यांनी ज्या दिवशी लिनक्स टाकाल, त्या दिवशी पडद्यावर ओळखीचीच चिन्हं दिसतील. लिनक्सवर ओळखीचं सॉफ्टवेअर शोधायचा त्रास बहुतेकांना होतो तो सगळं एकाच दिवशी बदलल्यामुळे.

शोधतानाही नावाने शोधू नका, कामाने शोधा. ‘फोटोशॉपसारखं काय आहे’ हा प्रश्न चुकीच्या दुकानात नेतो. जयंतीच्या बॅनरसाठी फोटोची पार्श्वभूमी कापायची आहे? गिंप. बॅनरवर मोठी अक्षरं, नक्षी, अशोकचक्र काढायचं आहे? ते मुळात कोरलचं काम, म्हणजे इथे इंकस्केप. चाळीस पानांची स्मरणिका लावायची आहे? स्क्रायबस, पण १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं मोडतात आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देऊन परत पेजमेकरकडे जातो. निवेदन, अर्ज, वर्गणीचा हिशेब यासाठी लिबरऑफिस. त्यात ‘टॅब्ड’ नावाची मांडणी निवडली की वरची पट्टी वर्डसारखी दिसते, आणि फाइल आपोआप वर्डच्या स्वरूपात जतन व्हावी असंही ठरवता येतं.

मराठी टायपिंगची भीती तर अगदीच खोटी. इन्स्क्रिप्ट दोन्हीकडे तीच. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांना फोनेटिक आहे, आणि जुन्या लोकांच्या सवयीचं गमभनसुद्धा आयबसमध्ये मिळतं. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू आहेत, मुक्त परवान्याचे. बॅनरवर छान दिसतात.

जिथं अडतं तेही सांगतो, लपवून चळवळ चालत नाही. टॅली मूळ रूपात लिनक्सवर नाही, ऑटोकॅड नाही. वाइनमधून काही विंडोजची सॉफ्टवेअरं चालतात, सगळी नाहीत, आणि क्रॅक केलेली तिथे चालवण्याच्या नादाला लागू नका. ज्या मुलामुलींना टॅली शिकून नोकरी लागणार आहे, त्यांना जीएनयूकॅश शिकवून तत्त्वज्ञान सांगणं हा अन्याय आहे. अभ्यासिकेत आठ संगणक असतील तर दोन विंडोजवर ठेवा, सहा लिनक्सवर न्या. छपाईच्या रंगांतही गिंप आणि इंकस्केप कमी पडतात. सीएमवायके लागत असेल तर अंतिम पीडीएफ स्क्रायबसमधून काढा. जुनी कोरलची फाइल इंकस्केपमध्ये उघडते, पण हललेली, विस्कटलेली उघडते. म्युनिक शहराच्या महापालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. हे उदाहरण विरोधक देतातच, तेव्हा ते आपल्यालाही ठाऊक असावं. केरळच्या सरकारी शाळांनी मात्र मुक्त सॉफ्टवेअर धरलं आणि सोडलं नाही, कारण तिथं शिक्षकांनाच तयार केलं गेलं.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्यावर बैठकीत कुणी बोलत नाही. आपल्या गेल्या तीस वर्षांच्या स्मरणिका, पाक्षिकं, परिषदांचे अहवाल, वस्तीतल्या कवींचे संग्रह कशात आहेत? युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं फक्त चित्र ठेवलेलं असतं. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे इंग्रजी चिन्हांचा कचरा. अशा फाइलमध्ये ‘बाबासाहेब’ शोधलं तर एकही सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. लिबरऑफिस पेजमेकरची फाइल उघडू शकतं, पण मजकूर कचराच दिसणार. आपण म्हणतो लिनक्सवर आपल्या फाइली उघडत नाहीत. खरं असं आहे की त्या फाइली एका डीटीपीवाल्याच्या एका जुन्या मशीनबाहेर कुठेच उघडत नाहीत, विंडोज ११ वरसुद्धा. ते मशीन बंद पडलं किंवा तो माणूस गेला की एका तालुक्याचा इतिहास गेला. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्यांनी स्वतः लिहिलेला असा घालवायचा?

हे काम तरुणांनी हातात घ्यावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. ते रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकवतात, त्यामुळे छापील प्रत शेजारी ठेवून प्रत्येक पान वाचावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, फेसबुकवर लाइव्ह करण्यासारखं नाही. पण ज्या अभ्यासिकेत रोज पंधरा पोरं एमपीएससीचा अभ्यास करतात, तिथं प्रत्येकाने दिवसाला दोन पानं तपासली तर साठ पानांची स्मरणिका दोन दिवसांत मोकळी होते. मूळ फाइल पुसू नका, तिची प्रत आणि जुना फॉन्ट एकत्र ठेवा. सुरुवात सीडीवर असलेल्या फाइलींपासून करा, कारण त्या सीडी आत्ताच वाचायला नकार देऊ लागल्या आहेत.