‘गव्हर्नमेंट’चा पेपर उरकून टाकू नका

अमेरिकेत पदवीसाठी आलेल्या आपल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दर ऑगस्टमध्ये एक प्रश्न हमखास येतो : गव्हर्नमेंटचा कोर्स कोणाकडे घ्यावा, सोपं कोण शिकवतं? उत्तरंही ठरलेली असतात. अमुक सर निबंध लिहायला लावत नाहीत. तमुक मॅडमचा कोर्स ऑनलाइन आहे, उन्हाळ्यात पाच आठवड्यांत संपतो. जुन्या प्रश्नांची फाईल हवी असेल तर मेसेज कर. आणि शेवटी कोणीतरी भाईजान शहाणपणाचा सल्ला देतात, ‘‘उरकून टाक. आपल्याला काय त्यांचं सरकार चालवायचंय?’’

या सल्ल्याविरुद्ध मला भांडायचं आहे. मी मूळची सोलापूरची. टेक्सासमध्ये आले ती कॉम्प्युटर शिकायला. इथल्या कायद्याप्रमाणे सरकारी कॉलेजातून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला, मग तो इंजिनिअर होवो की अकाउंटंट, राज्यशास्त्राचे सहा क्रेडिट तास पूर्ण करावेच लागतात. त्यात अमेरिकेची राज्यघटना येते आणि टेक्सासचीही. नागरिक नसलेल्यांनाही यातून सूट नाही. आपली मुलं याला जुलूम समजतात. माझ्या मते हा त्या पदवीतला सगळ्यात उपयोगाचा भाग आहे, आणि आपल्यासाठी तर इतरांपेक्षा जास्त.

आता हे कबूल की हा विषय ज्या पद्धतीने शिकवला जातो, ती झोप आणणारीच आहे. पहिला महिनाभर तीन चौकोनांची एक आकृती. संसद, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय, आणि त्यांच्यामधले बाण. प्रतिनिधिगृहात ४३५, सिनेटमध्ये १००, नकाराधिकार मोडायला दोन-तृतीयांश मतं. हे पाठ केलं की बहुपर्यायी परीक्षेत ‘ए’ मिळतो. घड्याळ उघडून चाकं दाखवावीत आणि वेळ किती झाली ते सांगूच नये, तसला प्रकार. पण पुस्तकात याच्या पुढे नागरी हक्कांची दोन प्रकरणं असतात. तिथे ज्या खटल्यांवरून दोन-दोन ओळींत पुढे जातात, ते खटले काढून वाचा. त्यातले लोक तुमच्याआमच्यासारखेच बाहेरून आलेले होते.

सॅन फ्रान्सिस्कोत १८८० साली शहराने नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर मंडळाची परवानगी हवी. वरवर पाहता आगीपासून बचावाचा नियम, त्यात कोणाच्या जातीचा की देशाचा उल्लेख नाही. सुमारे २०० चिनी लाँड्रीवाल्यांनी अर्ज केले, सगळे नाकारले. चिनी नसलेल्या सुमारे ८० जणांना मात्र परवानगी मिळाली, एखाद-दुसरा अपवाद सोडून. ‘यिक वो’ नावाने ओळखला जाणारा हा खटला १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने एकमताने सांगितलं की चौदाव्या घटनादुरुस्तीत ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्द आहे, ‘नागरिक’ नाही. म्हणून कायद्याचं समान संरक्षण परदेशी माणसालाही आहे. आपल्या घटनेच्या कलम १४ मध्येही ‘व्यक्ती’ आहे आणि कलम १९ मध्ये ‘नागरिक’. हा फरक सोलापुरात मला कोणी शिकवला नव्हता. व्हिसावर राहणाऱ्या विद्यार्थ्याचं सगळं जगणं या दोन शब्दांमधल्या फटीत असतं.

पण इथेच टाळ्या वाजवून थांबू नका. पुस्तक थांबतं, तुम्ही थांबू नका. चे चान पिंग नावाचा एक चिनी मजूर १८७५ पासून अमेरिकेत राहत होता. १८८७ मध्ये तो घरी भेटीला गेला. जाताना सरकारकडून परत येण्याचा दाखला रीतसर घेतला होता. परतीच्या जहाजात तो समुद्रात असताना, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, संसदेने कायदा करून असे सगळे दाखले रद्द केले. एका आठवड्याने जहाज बंदराला लागलं, आणि त्याला उतरू दिलं नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्याच बाजूने निकाल दिला : कोणाला देशात घ्यायचं आणि कोणाला नाही हा सार्वभौम सत्तेचा अधिकार आहे. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाने परदेशी माणसाला घराच्या आत ‘व्यक्ती’ मानलं, त्यानेच दारावर त्याला वाऱ्यावर सोडलं. २०१८ मध्ये काही मुस्लिमबहुल देशांवरची प्रवासबंदी ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरली, ती याच वाटेने. त्या निकालात सरन्यायाधीशांनी जपानी-अमेरिकन लोकांच्या स्थानबद्धतेला मान्यता देणारा १९४४ चा कोरेमात्सू निकाल चुकीचा होता असं स्पष्ट म्हटलं, आणि त्याच निकालपत्रात बंदी कायम केली. बंदी उठली ती निवडणुकीनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, नव्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीने.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी जायचं तिकीट काढणाऱ्या मुलाला चे चान पिंग माहीत नसावा, हे मला पटत नाही.

आपल्यातले काही जण दुसऱ्या टोकाला असतात. त्यांना हा विषय म्हणजे ढोंगाचा पाठ वाटतो. इराक, ग्वांटानामो, गाझा, आणि वर आम्हाला लोकशाही शिकवता? राग खोटा नाही, तो मलाही येतो. पण ‘अमेरिकेने केलं’ हे वाक्य आळशी आहे. कोणी केलं? युद्ध जाहीर करण्याचा अधिकार घटनेने संसदेला दिला आहे, आणि संसदेने रीतसर युद्ध शेवटचं जाहीर केलं ते १९४२ मध्ये. त्यानंतर व्हिएतनाम झालं, अफगाणिस्तान झालं, इराक झालं. सप्टेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षाला लष्करी बळ वापरण्याची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मताने मंजूर झाला. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं होतं. ग्वांटानामोतल्या कैद्यांना अमेरिकी न्यायालयात आपल्या कैदेला आव्हान देण्याचा हक्क आहे, असं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं. ढोंग उघडं करायचं तर कलम, वर्ष आणि मतांची संख्या हातात पाहिजे. नुसत्या संतापाची स्टेटस चोवीस तासांत पुसली जाते.

तिसरे म्हणजे खूश होणारे. जेफरसनच्या कुराणाचा फोटो फॉरवर्ड करणारे. २००७ मध्ये कीथ एलिसन या पहिल्या मुस्लिम संसद-सदस्याने त्या प्रतीवर शपथ घेतली, छान झालं. पण जेफरसन गुलाम बाळगत होता, हे त्या मेसेजमध्ये नसतं. सार्वजनिक पदासाठी धर्माची अट नको, असं घटनेच्या सहाव्या कलमात लिहिलं आहे. १७८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात घटना मंजूर करायची की नाही यावर चर्चा झाली तेव्हा काहींना भीती वाटली की यामुळे उद्या ‘महोमेडन’ पदावर बसतील. जेम्स आयर्डेल यांनी या कलमाची बाजू लावून धरली. त्याच राज्यात पुढे ओमर इब्न सईद नावाचा पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेला आलिम गुलाम म्हणून जगला आणि गुलाम म्हणूनच मेला. १८३१ मध्ये त्याने अरबीत आपली जीवनकथा लिहिली. तिची सुरुवात त्याने सूरह मुल्कने केली. मुल्क, म्हणजे मालकी आणि सत्ता कोणाची, हे सांगणारी सूरह एका गुलामाने मालकाच्या घरात बसून लिहिली. ते हस्तलिखित आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. माझ्या वर्गातल्या पुस्तकात आयर्डेल नव्हते, ओमरही नव्हता. मुसलमान होते ते दहशतवादाच्या चौकटीत.

मग हे कोणी भरून काढायचं? वर्गात आपण असतो ना! मी टर्म पेपरसाठी विषय मागून घेतला : नागरिकत्व कोणाला. १७९० च्या कायद्याने ते फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसांसाठी होतं, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. १९२३ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात काय सांगितलं? गोरेपणाची अट अन्यायाची आहे, असं नाही. मी उच्चजातीय आर्य आहे, म्हणून मी गोराच, असं. न्यायालयाने ते मानलं नाही आणि भारतीयांची दारं १९४६ पर्यंत बंद राहिली. भिंत पाडायची सोडून ‘मला तेवढं आत घ्या’ म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं, ते या खटल्यात वाचावं. मुसलमानांनाही हेच भोगावं लागलं. १९४२ मध्ये डेट्रॉइटमध्ये अहमद हसन या येमेनी माणसाला एका न्यायाधीशाने नागरिकत्व नाकारलं. कारणांमध्ये त्याचा मुस्लिम समाज युरोपपेक्षा वेगळा आहे, हेही एक होतं. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये मोहम्मद मोहरीझ या अरबाला दुसऱ्या न्यायाधीशाने ते दिलं. कायदा तोच होता.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. पुण्यात बसून त्यांना तिकडच्या राजकारणाचं अगत्य होतं. आणि तिथेच राहून, फी भरून, आपण म्हणतो की आपल्याला काय करायचंय!

आर्कान्सासच्या तुरुंगातल्या अब्दुल मलिक मुहम्मद ऊर्फ ग्रेगरी होल्ट या कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. गुन्हा गंभीर होता, सहानुभूती मिळण्याजोगा माणूस नव्हे. त्वचेचा आजार असेल तर तोच तुरुंग पाव इंच दाढी चालवून घेत होता. त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे हाताने लिहून अर्ज पाठवला. २०१५ मध्ये सगळे न्यायाधीश त्याच्या बाजूने गेले. त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या समांथा एलॉफ या हिजाब घालणाऱ्या मुलीच्या बाजूने ८ विरुद्ध १ असा निकाल लागला. तिला कपड्यांच्या दुकानात नोकरी नाकारली होती.

आणि हक्क फक्त आपल्याला हवेत, असंही चालत नाही. मिशिगनमधल्या हॅमट्रॅम्क शहरात २०२२ पासून सगळे नगरसेवक मुस्लिम होते. जून २०२३ मध्ये त्यांनी शहराच्या मालकीच्या जागांवर प्राइड झेंड्यासह गटांचे झेंडे लावायला बंदी घातली. नियमाच्या भाषेत कोणा एकाचं नाव नाही, म्हणून तो ठीक, असा बचाव केला जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या लाँड्रीच्या नियमातही नाव नव्हतं. मी हे गटावर लिहिलं तेव्हा बरेच जण माझ्यावर चिडले. चिडू देत. दोन्ही गोष्टी एक नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी तसा पेपर लिहावा, मी आनंदाने वाचेन.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात. यिक वो फार मोठा नाही, एका संध्याकाळी होतो. इंग्रजी जड आहे, दोघातिघांनी मिळून वाचलं तर सोपं जातं. पुढच्या सत्राची नोंदणी लवकरच सुरू होईल. गटावर पुन्हा तोच प्रश्न येईल, की सोपं कोण शिकवतं. या वेळी मी त्या मॅडमचं नाव देणार आहे, ज्या निबंध लिहायला लावतात.