उजनीत पाणी आहे, वारा आहे, मग शिडाची होडी का नाही?

मंडळी, उजनीच्या जलपर्यटनाची चर्चा परत सुरू झालीय. स्पीडबोट येणार, जेट स्की येणार, असं काय काय ऐकायला मिळतंय. येऊ द्या. पण माझी एक मागणी आहे आणि ती ऐकून काही जण हसतील. उजनीवर दरवर्षी एका माणसाने चालवायच्या शिडाच्या छोट्या कॅटॅमरान होड्यांची शर्यत व्हावी, आणि त्या होड्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी स्वतः बनवाव्यात.

"वेळापूरच्या माणसाला शिडाचं काय पडलंय?" असं विचाराल. सांगतो.

कॅटॅमरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेल्या. शब्द आपल्याच देशातला, तमिळ. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. जगात 'ए क्लास' नावाचा एकट्याने चालवायच्या कॅटॅमरानचा प्रकार आहे. लांबी १८ फूट, रुंदी २.३ मीटर, शीड १५० चौरस फूट आणि वजन कमीत कमी ७५ किलो. म्हणजे होडीचं वजन साधारण चालवणाऱ्याएवढंच!

एवढी हलकी होडी एवढं मोठं शीड कसं पेलते? ऊसवाल्याला हे लगेच कळेल. ट्रॉलीची चाकं जवळ-जवळ असली आणि ऊस उंच भरला की वळणावर ती कलंडते. चाकांत अंतर असलं की टिकते. इथंही तेच. वारा शिडाला ढकलतो तेव्हा होडी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या सांगाड्यावर कलते. चालवणारा दुसऱ्या टोकाला, डोलकाठीच्या तारेला लटकून, पार बाहेर पाण्यावर झुकतो. ढोबळ हिशेब केला तर होडी सरळ ठेवायला होडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा त्याचं शरीर तिप्पट काम करतं. मग रुंदी अजून वाढवायची का? वाढवली तर आडव्या दांड्या जाड कराव्या लागतात, वजन वाढतं, वेग जातो. सगळं डिझाइन या ओढाताणीत आहे. आणि ही होडी पूर्ण उलटी झाली की उलटीच स्थिर राहते, सरळ करणं अवघड. म्हणून लहान होड्यांच्या डोलकाठीच्या टोकाला हवाबंद फुगा लावतात.

मला भावतो तो या प्रकाराचा नियम. लांबी, रुंदी, वजन, शीड अशी मोजकी मापं ठरवून दिलीत. आत काय डोकं लढवायचं ते तुमचं. आपल्या पोरांना नेमकं हेच मिळत नाही. अकलूज, पंढरपूर, सोलापूर इथं इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि फॅब्रिकेशनची दुकानं तर गावोगाव. कार्बन फायबरची परदेशी होडी आपल्याला परवडणार नाही, मान्य. मग आपला नियम आपण करू: १४ फूट लांबी, प्लायवूड आणि फायबरग्लास, खर्चाला ठरलेली मर्यादा, आणि उलटी झालेली होडी एकट्याने सरळ करून दाखवल्याशिवाय शर्यतीत प्रवेश नाही. बाकी सगळं मोकळं.

"हे समुद्राकाठच्यांचे आणि श्रीमंतांचे खेळ," असं कुणी म्हणेल. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. समुद्र नाही त्या राज्यात. ती शिकली भोपाळच्या तलावावर. आपला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातला, दुष्काळी भागातला. विहिरी खोदणारा हा पोरगा सैन्यात गेला, वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा आला. उजनी तर ११७ टीएमसीचं धरण. भोपाळला जमतं ते आपल्याला का जमू नये?

आता खरं दुखणं. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उजनीकाठच्या लोकांना पाणी ओलांडायचंच असतं, तिथं होडी ही हौस नाही. पण वळवाचा वारा कसा फिरतो, ढग कुठं दिसला की काठ गाठायचा, बुडालेल्या माणसाला वर कसं घ्यायचं, हे शिकवणारी जागा किती आहेत? शिडावर शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवसापासून वारा वाचावाच लागतो, कारण त्याच्याकडे इंजिन नाही. त्याला लाइफ जॅकेट घालायची सवय लागते. मुद्दाम होडी उलटवून परत सरळ करणं हा त्याचा पहिला धडा असतो. अशी शंभर पोरं काठावर तयार झाली, तर उद्याचे लाँच चालवणारे, बचाव पथकातले तीच असतील. जेट स्कीच्या तिकिटातून हे मिळत नाही.

शिडाला डिझेल लागत नाही, पाण्यात तेल सांडत नाही. भिगवणच्या फ्लेमिंगोंना आवाजाचा त्रासही नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं, पळसदेवचं देऊळ वर येतं, जुन्या भिंती आणि झाडांची खोडं उघडी पडतात. म्हणून शर्यत पाणी भरलेलं असताना, दिवाळीनंतर घ्यावी. मच्छीमारांची जाळी कुठं आहेत ते त्यांनाच विचारून मार्ग आखावा, आणि सुरक्षेच्या होड्या त्यांच्याच भाड्याने घ्याव्यात. म्हणजे चार पैसे त्यांच्याही हातात पडतील.

मागणी मोठी नाही. पर्यटनाच्या आराखड्यात काठावर एक शेड, एक धक्का, दोन प्रशिक्षक आणि दहा साध्या होड्या एवढी तरतूद करा. पोरं बाकीचं बघून घेतील.

माळशिरस, माढा, करमाळा, इंदापूरचे जे कुणी वाचताय, त्यांनी आपापल्या लोकप्रतिनिधीला हे एकदा विचारा. आणि कॉलेजातल्या पोरांनो, परवानगीची वाट बघू नका. कागदावर १४ फुटांची होडी काढायला आजच बसा.