ग्राफीनच्या विद्युतअग्राची खरी कसोटी

प्रकाश-उत्सर्जक डायोडमधील पारदर्शक विद्युतअग्रासाठी इंडियम-टिन ऑक्साइडला, म्हणजे आयटीओला, ग्राफीनचा पर्याय शोधण्याच्या कामाला दशकाहून अधिक काळ लोटला असला, तरी त्याचे यश अजूनही बहुधा पृष्ठरोधाच्या आकड्यावरच मोजले जाते. पृष्ठरोध म्हणजे पातळ थराच्या चौरस तुकड्याचा समोरासमोरच्या दोन कडांमधील विद्युतरोध. तो चौरसाच्या आकारमानावर अवलंबून नसतो. २०१० साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेले ३० इंची ग्राफीन रुळांच्या साहाय्याने लवचीक फिल्मवर उतरवले आणि चार थरांना नायट्रिक आम्लाचे डोपिंग, म्हणजे भारवाहक वाढवणारी प्रक्रिया, करून, सुमारे ९० टक्के पारदर्शकता राखत, ३० ओहम प्रति चौरस इतका रोध मिळवला. एक थर दृश्य प्रकाशाचा केवळ २.३ टक्के भाग शोषत असल्याने चार थरांनंतरही उरणारी ही पारदर्शकता अपेक्षितच होती. मात्र रोध खाली आणण्यात मोठा वाटा असलेले ते आम्ल बाष्पनशील आहे, आणि ते उडून जाऊ लागले की रोध पुन्हा चढतो. डोपिंगनंतर लगेच घेतलेले मापन म्हणूनच अपुरे ठरते.

डायोडच्या दृष्टीने आणखी एक राशी तितकीच निर्णायक आहे, ती म्हणजे कार्यफलन, अर्थात पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी किमान ऊर्जा. ग्राफीनचे कार्यफलन सुमारे ४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे सेंद्रिय डायोडच्या थरांत होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अभावाने निर्माण होणारे धनभारवाहक, सोडताना मोठा ऊर्जा-अडसर उभा राहतो. २०१२ साली कोरियातीलच एका गटाने ग्राफीनवर होल सोडणारा बहुवारिकाचा थर असा रचला की, त्यातील कार्यफलन पायरीपायरीने वाढत वरच्या पृष्ठभागी ५.९५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेले आणि दीपाची कार्यक्षमता प्रतिवॅट १०० ल्युमेनच्या पुढे पोहोचली. पृष्ठरोधात आयटीओच्या मागे असलेले विद्युतअग्र दीपाच्या कार्यक्षमतेत सरस ठरू शकते, हे त्या कामाने दाखवून दिले, आणि या क्षेत्रातील सर्वांत मोलाचा धडा तोच आहे. गॅलियम नायट्राइडच्या डायोडमध्ये हाच अडसर अधिक उंच असल्याने तेथे मधला संपर्कथर टाळणे कठीण आहे.

सर्वांत कमी लिहिले जाते ते मात्र स्थानांतरणाविषयी. ग्राफीनवर ॲक्रिलिक बहुवारिकाचा, म्हणजे पीएमएमएचा, आधारथर देऊन तांबे अमोनियम परसल्फेटच्या द्रावणात विरघळवले जाते, तरंगणारी फिल्म काचेवर उचलून घेतली जाते आणि आधारथर ॲसिटोनने धुतला जातो. तरीही त्याचे अवशेष आणि सुरकुत्या मागे राहतात. सेंद्रिय थरांची एकत्रित जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास असताना काही दशक नॅनोमीटर उंचीचा एखादा उंचवटाही गळती-प्रवाहाला वाट करून देतो आणि दीपावर काळा ठिपका उमटतो. चिमुकल्या नमुन्यावर असे दोष निसटून जातात. क्षेत्रफळ वाढले की त्यांच्यापासून सुटका नसते.

म्हणून या विषयावरील लेख पाठवणाऱ्या संशोधकांना आणि अभियंत्यांना आग्रहाची विनंती आहे की, पृष्ठरोधाबरोबरच डोपिंग केलेल्या नमुन्याचा काही आठवड्यांनंतरचा रोध, समान प्रवाहघनतेला आयटीओच्या तुलनेत लागणारे व्होल्टेज आणि तयार केलेल्या एकूण दीपांपैकी गळतीमुळे बाद झालेल्यांची संख्या ही माहिती लेखात अवश्य द्यावी.